मेद घटवावा की बळ वाढवावे?

पुणे शहराच्या जुन्या पेठांतून कोणी पत्ता विचारला, तर उत्तरात हटकून एखाद्या तालमीचे नाव येते. निंबाळकर तालीम, खालकर तालीम, चिंचेची तालीम ही नावे आज चौकांची आणि वस्त्यांची ओळख होऊन राहिली आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्येला जी उर्जितावस्था आणली, ती व्यायामाच्या इतिहासात नमूद आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळाने शिकल्यासवरलेल्या घरांतील मुलांना आखाड्याची आणि मैदानाची गोडी लावली. अशा या शहरात व्यायामाचे महत्त्व कोणाला पटवून देण्याची आवश्यकता नसावी. तरीही गेल्या काही वर्षांत तालमींच्या जोडीला ज्या वातानुकूलित व्यायामशाळा उभ्या राहिल्या, त्यांत प्रथमच पाऊल टाकणारा नोकरदार, शिक्षक किंवा गृहिणी एका प्रश्नापाशी अडखळते. आधी चरबी उतरवावी आणि मग अंग कमवावे, की आधी अंग कमवून मग चरबीकडे पाहावे?

प्रश्न वरकरणी हौशी माणसाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुढील काही वर्षांचा आहार, वेळ आणि पैसा खर्च होतो, आणि उत्तर चुकले तर ज्या व्याधी टाळण्यासाठी माणूस व्यायामाला लागला, त्याच व्याधींना तो आमंत्रण देऊ शकतो. त्यातून आपल्या लोकांच्या शरीराची घडण अशी आहे की, परदेशी पुस्तकांतील तयार उत्तर येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. ही घडण कशी आहे याचा शोध ज्या थोड्या ठिकाणी बारकाईने घेतला गेला, त्यांत पुण्याचे स्थान मोठे आहे.

दोन डॉक्टर, एकच निर्देशांक

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता. कोणत्याही तक्त्यात हा आकडा निरोगी माणसाचा ठरतो. मात्र क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील मेद मोजला असता डॉ. युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. निर्देशांक एकच, आणि मेदाचे प्रमाण दुपटीहून अधिक! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या विसंगतीला ‘वाय-वाय’ कोडे असे नाव पडले. संशोधकाने स्वतःचेच शरीर उदाहरण म्हणून जगापुढे मांडावे, हेही विशेषच म्हणावयाचे.

या कोड्याची उकल पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत झाली. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ सालापासून गरोदर मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास हाती घेण्यात आला. या माता अंगाने कृश होत्या. गर्भधारणेपूर्वीचा त्यांचा सरासरी निर्देशांक १८.१ इतकाच होता. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साऊथहॅम्प्टन येथील अर्भकांशी करण्यात आली. तेथील अर्भकाचे सरासरी वजन ३.५ किलोग्रॅम, तर येथील अर्भकाचे २.७ किलोग्रॅम. येथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. येथील बाळांचे दंड बारीक होते, पोटातील अवयव लहान होते, परंतु पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. गर्भातच पोषणाची ओढाताण झाल्यावर स्नायूंची काटकसर झाली आणि मेद राखला गेला. दिसावयास किडकिडीत, पण प्रमाणात मेदयुक्त अशा या बाळांस ‘थिन-फॅट’ बालक हे नाव मिळाले. हीच बाळे मोठी होऊन कचेरीत बसतात, वर्गात शिकवतात आणि दुचाकीवरून फिरतात, तेव्हा हातपाय काटकुळे व पोट सुटलेले अशी जी देहयष्टी आपण नित्य पाहतो ती तयार होते. (याच अभ्यासात पालेभाज्या, दूध व फळे अधिक खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी असल्याचे दिसून आले. अंगणवाडीच्या कामाशी संबंध असलेल्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

म्हणूनच भारतीयांसाठी वेगळ्या मर्यादा आखाव्या लागल्या. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने ठरविल्यानुसार आपल्याकडे निर्देशांक २३ झाला की वजन जास्त समजावे आणि २५ झाला की स्थूलता मानावी. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे अनुक्रमे २५ व ३० आहेत. कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर धरण्यात आली. या मर्यादा अनाठायी कडक नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

काटा काय सांगत नाही

जेवणानंतर रक्तात जी साखर येते, तिचा मोठा वाटा इन्सुलिनच्या आज्ञेने स्नायू उचलून घेतात. स्नायू हे त्या साखरेचे कोठार होय. कोठार लहान असेल आणि शिवाय वापरात नसेल, तर साखर रक्तातच रेंगाळते. दुसरीकडे पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेला मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून स्निग्धाम्ले यकृताकडे वाहत राहतात आणि इन्सुलिनचे काम अधिकच अवघड करतात. म्हणजे आपल्या देहयष्टीत दोन उणिवा एकत्र नांदतात, कोठार अपुरे आणि मेद अवाजवी. वजनाचा काटा या दोहोंची बेरीज करून एकच आकडा दाखवितो, आणि तो आकडा ‘योग्य’ आला की माणूस निश्चिंत होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांचे एक शिक्षक आहेत. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलोग्रॅम. निर्देशांक २२.८, म्हणजे मर्यादेच्या आतच. परंतु कंबर ९४ सेंटिमीटर. त्यांच्या शरीरात २८ टक्के मेद आहे असे समजू, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोग्रॅम. उरलेले साडेचव्वेचाळीस किलोग्रॅम हाडे, स्नायू, अवयव आणि पाणी. आता त्यांनी पोट उतरविण्याचा चंग बांधला, रात्रीचे जेवण सोडले, रोज तासभर चालले, आणि चार महिन्यांत सहा किलोग्रॅम वजन घटविले. केवळ आहार तोडून वजन घटविले असता घटीचा साधारण चौथा हिस्सा मेदाखेरीज अन्य ऊतींचा, त्यांत स्नायूंचाही, असतो. म्हणजे साडेचार किलोग्रॅम मेद गेला आणि दीड किलोग्रॅम अन्य भाग गेला. मेदाचे प्रमाण २३ टक्क्यांवर आले, सहकाऱ्यांनी कौतुक केले, सदरे सैल झाले.

दुसरी वाट अशी. त्यांनी जेवण जवळजवळ तेवढेच ठेवले, त्यातील प्रथिने वाढविली, आठवड्यातून तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम केला. वर्षभरात मेद तीन किलोग्रॅमने घटला आणि स्नायू दोन किलोग्रॅमने वाढले. काट्यावर फरक केवळ एक किलोग्रॅमचा. घरच्यांना वाटेल, वर्ष फुकट गेले. मेदाचे प्रमाण मात्र २३.५ टक्के, म्हणजे जवळजवळ पहिल्याइतकेच. आणि दोन वाटांच्या अखेरीस शरीरातील स्नायूंसह अन्य भागात साडेतीन किलोग्रॅमचे अंतर! पहिल्या वाटेने गेलेल्या शिक्षकांचे वजन दिवाळीच्या सुटीत परत येऊ लागले, तर ते येताना बहुतांशी मेदाच्या रूपाने येते. गमावलेला स्नायू व्यायामाविना आपोआप परतत नाही. अशी दोन-तीन आवर्तने झाली की वजन तेच, पण देह पूर्वीपेक्षा अधिक मेदयुक्त, ही अवस्था येते.

काटा हलला नाही तरी आरोग्य सुधारू शकते, याला आपल्याच देशातील पुरावा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर झालेल्या भारतीय मधुमेह-प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहार व हालचालीत बदल करणाऱ्या गटात मधुमेह जडण्याची जोखीम २८.५ टक्क्यांनी घटली, आणि तीही वजनात लक्षणीय घट झालेली नसताना. तेथील व्यायाम मुख्यतः चालण्याचा होता, वजने उचलण्याचा नव्हता, हे सांगितले पाहिजे. पण काट्याकडे टक लावून बसणाऱ्यांनी त्यातून जो बोध घ्यावयाचा तो तोच आहे.

मग कोणी काय करावे

वर जी देहयष्टी वर्णिली आहे, म्हणजे वजन बेताचे पण कंबर मर्यादेबाहेर, तिच्या बाबतीत आधी हे की आधी ते असा प्रश्न विचारण्याचीच गरज नाही. ज्याने पूर्वी कधी नेमाने वजने उचललेली नाहीत आणि ज्याच्या अंगावर मेदाचा साठा आहे, त्याच्या शरीरात दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू शकतात. मेदातील शक्ती खर्ची पडते आणि आहारातील प्रथिने स्नायूंच्या बांधणीस लागतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस तरुणांचे उष्मांक चार आठवडे चाळीस टक्क्यांनी कमी करून त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेण्यात आला. ज्यांना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज २.४ ग्रॅम प्रथिने मिळाली, त्यांचा ४.८ किलोग्रॅम मेद घटला आणि तरीही मेदविरहित वजन १.२ किलोग्रॅमने वाढले. ज्यांना निम्मीच प्रथिने मिळाली, त्यांचाही मेद ३.५ किलोग्रॅमने घटला, पण स्नायूंच्या बाजूस काही जमा झाले नाही. इतकी कडक उपासमार कोणी घरी करू नये. तो प्रयोग तरुणांवर, देखरेखीखाली झालेला होता. तात्पर्य एवढेच की, मेदाची घट आणि स्नायूंची वाढ परस्परांच्या आड येतातच असे नाही.

ज्यांचा निर्देशांक २५ च्या पुढे आहे आणि कंबरही मोठी आहे, त्यांनी मात्र मेद घटविण्यास अग्रक्रम द्यावा. एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोजच्या आहारातून तीनशे ते पाचशे उष्मांक कमी केले, तर आठवड्यास पाव ते अर्धा किलोग्रॅम घट होते, आणि हा वेग पुरेसा आहे. हे उष्मांक शोधण्यासाठी भाकरीला हात लावण्याचे कारण नाही. कचेरीतील चहाच्या पाच पेल्यांत प्रत्येकी दोन चमचे साखर असली, तर ते दोनशेच्या आसपास उष्मांक होतात. एका वडापावात अडीचशे-तीनशे असतात. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोनदा घेऊन ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करणाऱ्यांना तर हिशेब सांगावयासच नको. मात्र या मंडळींनीही वजने उचलण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करावा. आधी पळून बारीक होतो, मग अंग कमावतो, हा बेत वर दाखविलेल्या कारणाने तोट्याचा आहे.

खऱ्या अर्थाने अंग भरण्याची गरज आहे ती निर्देशांक १८.५ च्या खाली व कंबरही बारीक असलेल्या तरुण-तरुणींना, आणि आजारातून उठलेल्यांना. त्यांनी पोटभर जेवून, वर दूध, शेंगदाणे, केळी यांची भर घालून व्यायाम करावा. पुण्यातील याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण लोकमान्य टिळकांचे. १८७२ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. त्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष बुद्ध्या व्यायामास, कुस्तीस आणि पोहण्यास दिले. परीक्षा हुकली, पण देह कमावला गेला. मात्र या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. पुढे त्यांना मधुमेहाने गाठले, आणि मंडालेच्या १९०८ ते १९१४ या बंदिवासात आहाराचे पथ्य सांभाळावे लागले. तरुणपणी कमावलेले बळ बँकेतील मुदतीच्या ठेवीसारखे आपोआप वाढत नाही.

आखाडा सोडलेल्या मल्लांच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक दिवसाचे चार-पाच तास मेहनत करणाऱ्यास पचतो, नव्हे, तो लागतोच. पहिलवानकी सुटली, मेहनत थांबली, पण खुराक आणि तोरा कायम राहिला, की तेच अंग पाच वर्षांत ओळखू येत नाही. व्यायामशाळेत नाव घातल्याबरोबर पहिलवानाचा खुराक सुरू करणारे पोट सुटलेले गृहस्थ याच चुकीची लहान आवृत्ती करीत असतात. दोन वाट्या तुपाने दंड वाढत नाहीत, कंबर वाढते.

आधी हे की आधी ते, या प्रश्नाला खरा अर्थ प्राप्त होतो तो वर्षा-दोन वर्षांच्या नेमाच्या व्यायामानंतर. तोवर नवखेपणाचा लाभ संपलेला असतो आणि दोन्ही गोष्टी एकदम साधणे कठीण जाते. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणारे, किंवा ठरावीक वजनगटात लढणारे मल्ल यांना तर निवड करावीच लागते. ऑलिंपिकमध्ये भारताला कुस्तीचे पहिले पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनमध्ये ५२ किलोग्रॅम गटात लढले होते. हेलसिंकीत १९५२ साली त्यांनी कांस्यपदक मिळविले ते ५७ किलोग्रॅम गटात. अशा खेळाडूंच्या एकेका किलोग्रॅमचा हिशेब त्यांच्या वस्तादांनी ठेवावयाचा असतो. सामान्य वाचकाने त्यांचे अनुकरण करण्याचे प्रयोजन नाही.

व्यायाम कोणता आणि किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे पहिला भाग, म्हणजे सकाळचे फिरणे, चांगला रुजला आहे. पर्वतीच्या पायऱ्यांवर आणि बागांतून पहाटे जी गर्दी दिसते ती त्याची साक्ष होय. दुसरा भाग मात्र तरुण मुलांचा छंद समजून सोडून दिला जातो.

जोर आणि बैठका हा आपला परंपरागत व्यायाम उत्तमच आहे. त्यात खुबी एकच सांभाळावी लागते. ज्याला दहा जोर कष्टाने निघतात, त्याचे बळ जोरांनी वाढते. ज्याला शंभर निघतात, त्याचा दम वाढतो, बळ फारसे वाढत नाही. स्नायू वाढावयाचा तर भार क्रमाक्रमाने वाढवावा लागतो. जुन्या तालमींत करेल, जोडी, गदा आणि उचलावयाचा दगडी नाल वेगवेगळ्या वजनांचे ठेवीत, त्यामागे हेच तत्त्व होते. आज लोखंडी वजने तेच काम करतात. नसल्यास वाळूने भरलेली पिशवी चालते. बैठक, छातीने ढकलणे, पाठीने ओढणे, जमिनीवरून भार उचलणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे, एवढ्या पाच क्रियांत सारे शरीर येते. प्रत्येकीची आठ ते बारा आवर्तने, दोन-तीन वेळा. बारा सहज होऊ लागली की थोडा भार वाढवावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर वेळी पाऊण तास पुरे. भार उचलताना श्वास कोंडून धरू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी प्रारंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण व्यायामाने साखर अपेक्षेपेक्षा खाली येऊ शकते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठणे-बसणे हीच बैठक समजावी.

स्त्रियांच्या मनात एक भीती असते की, वजने उचलल्याने अंग पुरुषी होईल. ती निराधार आहे. पुरुषांच्या शरीरातील जे द्रव्य स्नायूंची मोठी वाढ घडविते, ते स्त्रियांत अल्प प्रमाणात असते. उलट पाळी थांबण्याच्या सुमारास हाडे आणि स्नायू दोन्ही झपाट्याने झिजू लागतात, आणि त्यावर भाराचा व्यायाम हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सेवानिवृत्तीला आलेल्या मंडळींनाही हेच लागू. त्यांच्या बाबतीत मेदापेक्षा स्नायू राखण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. साठीनंतर वजन आपोआप उतरू लागले, तर त्यात आनंद मानण्यासारखे काही नसते.

प्रथिनांचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. व्यायामाने स्नायू वाढवू पाहणाऱ्यास याहून अधिक लागतात. ४९ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दर किलोग्रॅममागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ वाढत गेला, त्यापुढे वाढ दिसली नाही. म्हणजे आपल्या ६२ किलोग्रॅमच्या शिक्षकांनी ७५ ते १०० ग्रॅमच्या दरम्यान असावे. ते शाकाहारी असतील तर हे कसे जमावे? अर्धा लिटर दूध-दह्यातून १६ ग्रॅम, पाऊण वाटी कोरड्या डाळी-कडधान्यांतून, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम मटकी, मूग किंवा तूर यांतून १७ ग्रॅम, दिवसभराच्या २०० ग्रॅम ज्वारी-गव्हाच्या पिठातून २० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १५ ग्रॅम. बेरीज ७४. दोन अंडी चालत असतील तर बारा ग्रॅम आणखी. पुणेरी ताटात तसे पाहता पदार्थ सगळे आहेत. उणीव आहे ती प्रमाणाची. आमटी पातळ आणि भात रास, हे चित्र उलटे केले की काम होते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

डब्यांतून मिळणाऱ्या प्रथिनांच्या भुकटीबाबत राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आहार-मार्गदर्शनात स्नायू वाढविण्यासाठी ती टाळण्याचा सल्ला दिला आहे. भुकटी विष नाही. पण ज्या पैशांत महिनाभराचे दूध आणि कडधान्य येते, ते तिच्यावर खर्च करण्याआधी ताट तपासावे. स्नायू लवकर वाढविणारी इंजेक्शने आणि गोळ्या यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील पुरुषी संप्रेरके हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांवर आघात करतात, आणि ती देऊ करणारा प्रशिक्षक कितीही पिळदार दिसत असला तरी त्याच्यापासून मुलांना दूर ठेवणे हे पालक-शिक्षकांचे कर्तव्य आहे.

फीत आणि वही

प्रगती मोजावयाची ती अशी. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर शिवणकामाची फीत धरावी. महिन्यातून एकदा हा आकडा वहीत लिहावा. शेजारी त्या महिन्यात बारा वेळा उचललेला सर्वांत मोठा भार लिहावा. कंबर उतरत आहे आणि भार चढत आहे, तर काट्याकडे पाहूच नये. भार चढतो पण कंबर दोन महिन्यांत हलत नाही, तर आहारातून थोडे कमी करावे. कंबर उतरते पण भारही उतरतो, तर खाणे फार तोडले गेले आहे किंवा झोप अपुरी आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवावी, हा हिशेब स्त्री-पुरुष दोघांनाही सोपा पडतो. आपल्या शिक्षकांच्या बाबतीत तो साडेब्याऐंशी सेंटिमीटरचा होतो.

शाळांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या पिढीत उठाबशा ही शिक्षा होती. जो व्यायाम पायांना सर्वांत उपकारक, त्याचीच आठवण अपमानाशी जोडली गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. तेव्हा बैठका आता खेळाच्या तासाला सन्मानाने परत याव्यात. आणि मुलांची वजने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा जेथे असेल तेथे ती थांबवावी. किडकिडीत मुलाला ‘काडीपैलवान’ आणि गुटगुटीत मुलाला ‘ढोल्या’ म्हणून दोघेही व्यायामापासून दूर जातात.

ग्रामपंचायतींना व्यायामशाळेसाठी राज्याच्या क्रीडा विभागाकडून अनुदान मिळू शकते. अनुदान हाती आल्यावर साहित्याची यादी करताना थोडा विचार व्हावा. बागांतून बसविलेल्या खुल्या व्यायामसाधनांपैकी बहुतेकांवर भार वाढविण्याची सोय नसते. महिन्याभरात शरीर त्यांना सरावते आणि पुढे ती साधने मुलांच्या झोक्यासारखी उरतात. त्याच पैशांत लोखंडी दांडे, निरनिराळ्या वजनांच्या चकत्या, ओढण्यासाठी एक आडवी पट्टी आणि एक भक्कम बाक घेतला, तर गावातील विशीच्या तरुणापासून साठीच्या आजीपर्यंत सर्वांस आपापल्या शक्तीप्रमाणे भार निवडता येतो. स्त्रियांसाठी ठरावीक वेळ राखून ठेवून तसा फलक दारावर लावावा. वजनकाटा बहुतेक ठिकाणी देणगीत मिळतोच. त्याच्याशेजारी भिंतीवर खिळा ठोकून एक मोजपट्टी टांगावी, आणि खाली ९० व ८० हे दोन आकडे रंगवून ठेवावेत.